‘डिलीट दाबू नका’ म्हणणाऱ्या ताईंना

विटा, जि. सांगली

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही ही तुमचीच अट, म्हणून नुसतं ताई. त्या रात्री आमची रक्तदात्यांची मोडलेली साइट तुम्ही फोनवरून सावरून दिलीत. फोन ठेवताना मी आभार मानायला लागलो तर तुम्ही म्हणालात, “आभार राहू द्या, जे कळलं ते आणखी चार जणांना सांगा.” दोन्ही एकाच पत्रात करतोय. रागावू नका.

गणपती विसर्जनाला चार-पाच दिवस झाले होते. डेंग्यूचे दिवस. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे साठा करून ठेवायची सोय नाही. ऐन वेळी माणूसच शोधावा लागतो. त्या आठवड्यात रोज दोन-तीन फोन येत होते. आमच्या रक्तदात्यांच्या यादीत तेव्हा ११४० नावं होती. आधी हे सगळं माझ्या दुकानातल्या वहीत असायचं. २०१८ साली आम्ही मित्रांनी वर्गणी काढून वेबसाइट केली, फॉर्म ठेवला, आणि वही मागे पडली ती पडलीच. वहीत तीनशे नावं असतील. बाकी सगळी फक्त साइटवर.

दुकान बंद करून रात्री साइट उघडली, तर डाव्या बाजूला लाल गोलात १४ आकडा. महिनोन्‌महिने साचलेली अपडेट. आज हे काम उरकून टाकू म्हणून सगळ्यांवर टिक केली आणि एकदम बटण दाबलं. आधी ‘देखभालीसाठी साइट थोडा वेळ बंद’ असं आलं. मग पांढरं पान आणि गंभीर चूक झाल्याची एक ओळ. आमची साइट वर्डप्रेसवर बनवलेली आहे. २०१९ पासून वर्डप्रेस अशा वेळी ॲडमिनच्या ईमेलवर आत शिरायला एक लिंक पाठवतं. ती आली, मी आत गेलो. फॉर्मचं प्लगिन, म्हणजे फॉर्म चालवणारा साइटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, बिघडलंय असा माझा समज झाला. मोबाइलवरचं ॲप अडकलं की आपण काढून पुन्हा टाकतो, तसंच इथे करायचं ठरवलं. तेवढ्यात मित्राने तुमचा नंबर पाठवला. रात्रीचे पावणेअकरा. ओळख ना पाळख, तरी तुम्ही फोन उचललात.

मी घाईघाईने सगळं सांगायला लागलो. तुम्ही मधेच थांबवून विचारलंत, “आत्ता माउस कुठे आहे?”

डिलीट दाबून झालं होतं. खात्रीचा प्रश्न समोर होता आणि माउस ‘ओके’वर होता.

“हात काढा माउसवरून. काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा. सावकाश, शब्द न्‌ शब्द.”

मी वाचलं. हे प्लगिन आणि त्याचा डेटा नक्की काढून टाकायचा आहे का, अशा अर्थाची ओळ होती. ‘आणि त्याचा डेटा’ इथे माझा आवाज अडकला. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती वाचलीच नव्हती. “कॅन्सल करा,” तुम्ही म्हणालात, “आणि पाणी प्या.”

ताई, पुढे तुम्ही जे समजावलंत ते मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतोय. प्लगिन निष्क्रिय करणं वेगळं आणि डिलीट करणं वेगळं. निष्क्रिय केलं तर त्याचं काम थांबतं, पण डेटाबेसमधली, म्हणजे साइटच्या नोंदींच्या साठ्यातली, त्याची टेबलं जागच्या जागी राहतात. डिलीट केलं आणि बनवणाऱ्याने साफसफाईची सोय लिहून ठेवलेली असली, तर जाताना ते आपली टेबलं पुसून जातं. काही प्लगिन पुसतात, काही तशीच ठेवतात, काहींच्या सेटिंगमध्ये तशी चौकट असते. बाहेरून कळत नाही. आमच्या प्लगिनचं फोल्डर तुम्ही मला फाइल मॅनेजरमधून उघडायला लावलंत. त्यात ती साफसफाईची फाइल होती आणि आमच्या नोंदींचं टेबल काढून टाकायची आज्ञा तिच्यात होती. तुम्ही मला ती ओळ मुद्दाम बघायला लावलीत. बरं केलंत.

त्या टेबलात काय होतं हे तुम्हाला त्या रात्री मी नीट सांगू शकलो नाही, ते आज सांगतो. फॉर्ममध्ये तेव्हा रक्तगटाचे आठ पर्याय होते. त्यात ‘बॉम्बे’ नव्हता. हा गट १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत सापडला, म्हणून त्याचं हे नाव. भारतात साधारण १०,००० माणसांत एक. नेहमीच्या तपासणीत हा गट ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’चं रक्त अशा माणसाला चालत नाही. त्याला त्याच्याच गटाचं लागतं. आमच्या यादीत असा एक दाता आहे. त्याच्या नोंदीत गट ‘ओ’ पडला होता आणि खरी गोष्ट शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतः लिहून ठेवली होती. दुसरीकडे कुठेच नव्हती. त्या ‘ओके’खाली तो शेरा होता.

मला वाटलं होतं तुम्ही लगेच दुरुस्तीला लागाल. तुम्ही आधी बॅकअप घ्यायला लावलात. मी म्हटलं, “अहो, साइट तर मोडलीय, आता कशाचा बॅकअप?” तुम्ही म्हणालात, “पान मोडलंय, नोंदी नाही मोडल्या. आणि आता आपण दोघं मिळून आणखी काय मोडू ते कुणी सांगावं?” साइट जिथे ठेवलीय त्या होस्टिंगच्या पॅनेलमधून पीएचपी मायॲडमिन हे डेटाबेस हाताळायचं साधन उघडलं, डेटाबेस एक्स्पोर्ट करून माझ्या लॅपटॉपवर उतरवला. मग फाइलींचं फोल्डर वेगळं उतरवलं, कारण फोटो आणि प्लगिन तिथे असतात आणि नोंदी डेटाबेसमध्ये. एक घेतलं म्हणजे दुसरं आलं असं होत नाही. आमच्यातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. सहा वर्षं आम्ही फोटोंचं फोल्डर उतरवून त्यालाच बॅकअप म्हणत होतो.

खरा बिघाड भलतीकडेच निघाला. मुख्य फॉर्म प्लगिन नव्या आवृत्तीवर गेलं होतं. त्याला जोडलेलं, रक्तदानाच्या तारखांचा हिशेब करणारं छोटं प्लगिन विकतचं होतं. त्याचं लायसन्स संपलेलं, म्हणून ते जुन्या आवृत्तीवरच अडकलेलं. ते मुख्य प्लगिनमधलं असं एक फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) बोलवत होतं, जे नव्या आवृत्तीत काढून टाकलंय. हाक मारली, आत कुणीच नाही, सगळं बंद. तुम्ही मला त्या छोट्या प्लगिनच्या फोल्डरच्या नावाला फक्त एक शब्द जोडायला सांगितलात. नाव बदललं की वर्डप्रेसला ते सापडत नाही, आणि ते आपोआप निष्क्रिय होतं. मी पान रिफ्रेश केलं. यादी समोर. ११४०. मी आकडा दोनदा वाचला.

इथेच थांबला असतात तरी मी जन्मभर नाव काढलं असतं.

पण तुम्ही विचारलंत, “जुने बॅकअप कुठे ठेवता?” कुणीतरी सुरुवातीला एक बॅकअपचं प्लगिन टाकून दिलं होतं. ते अधूनमधून झिप फाइल करायचं आणि साइटच्याच अपलोडच्या फोल्डरात टाकायचं. सर्व्हर गेला तर साइट आणि बॅकअप दोन्ही एकदम जाणार, हे तुम्ही सांगितलंत. मग म्हणालात, “एक करून बघूया.” त्या झिपचा पत्ता मला दुसऱ्या ब्राउझरमध्ये, लॉगिन न करता टाकायला लावलात. फाइल सरळ उतरायला लागली. नाव, गाव, मोबाइल नंबर, रक्तगट. पत्ता ज्याला सापडेल त्याला.

तुमचा आवाज पहिल्यांदा कडक झाला तो तेव्हा. “ही माणसं नंबर देतात ते रक्तासाठी. आपण तो रस्त्यावर ठेवलाय.” मला ते लागलं, आणि ते लागायलाच हवं होतं.

झिप उतरवून घेतल्या, सर्व्हरवरून काढल्या. त्यातली एक तुम्ही दुसऱ्या दिवशी तुमच्या मशीनवर चढवून बघितलीत आणि मला स्क्रीनशॉट पाठवलात. मोबाइल नंबर बरोबर, तारखा बरोबर, पण गावाच्या रकान्यात जिथे ‘कडेगाव’ हवं तिथे ओळीने सहा प्रश्नचिन्हं. क, ड, मात्रा, ग, काना, व. बॅकअप घेताना अक्षरांची एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, चुकीची धरली गेली होती. इंग्रजी आणि आकडे तगले आणि देवनागरी सगळी गळून पडली. प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर परत आणता येत नाही, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे त्या बॅकअपच्या फाइलीतही एकाही माणसाचं नाव नव्हतं. बॅकअप उघडून, चढवून, मराठी दिसतंय का ते पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये, हे आता मी आमच्या ग्रुपवर सतत सांगतो.

सर्व्हरच्या नोंदवह्या तुम्ही बघायला लावल्यात. महिनाभराच्याच शिल्लक होत्या. तेवढ्यात तरी त्या झिप कुणी उतरवल्याचं दिसलं नाही. त्याआधीचं कळायला मार्ग नव्हता. आमच्यात चर्चा झाली की हे लोकांना कशाला सांगायचं, उगाच घाबरतील, नावं काढून घेतील. तुम्ही एवढंच म्हणालात, “नंबर त्यांचा आहे, त्यांना कळलं पाहिजे.” आम्ही सगळ्यांना मेसेज केला. काय झालं, काय माहीत आहे, काय माहीत नाही, आता काय बदललंय, असं सरळ लिहिलं. सात जणांनी नावं काढायला सांगितली, त्याच दिवशी काढली. बाकीचे राहिले. एका बाईंनी तर उलट फोन करून विचारलं, “सांगितलंत ते बरं केलंत, आता माझी शेवटची तारीख बदलून घ्या, मागच्या आठवड्यात देऊन आले.”

आणखी एक गोष्ट लिहायचीच आहे. सुरुवातीलाच मी पासवर्ड सांगायला लागलो तर तुम्ही ओरडलात, “सांगू नका. मी मागितला तरी सांगू नका.” तुमच्यासाठी वेगळं खातं उघडायला लावलंत. काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा मेसेज: “माझं खातं अजून चालू दिसतंय. काढा.” मदत करणाऱ्याने स्वतःलाच दाराबाहेर काढायला सांगावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आता आमचं कसं चाललंय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तुम्हाला काळजी नको. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी आणि माझा मित्र बसतो. आधी बॅकअप. तो एक लॅपटॉपवर आणि एक पेन ड्राइव्हवर जातो, पेन ड्राइव्ह दुकानात नाही, मित्राच्या घरी असतो. मग साइटच्या नकलेवर अपडेट. एका वेळी एकच प्लगिन, आणि प्रत्येकानंतर एक खोटी नोंद भरून बघायची. सुरक्षेचं अपडेट असलं तर मात्र रविवारची वाट बघत नाही, तेही तुम्हीच बजावलं होतं. छोट्या प्लगिनचं लायसन्स भरलंय. न वापरलेली सहा प्लगिनं काढली, प्रत्येकाचं फोल्डर आधी उघडून बघून. आणि ‘बॉम्बे’ हा नववा पर्याय फॉर्ममध्ये घातलाय.

शेवटी तुमच्या नोंदीबद्दल. फॉर्म पुन्हा चालतोय का हे बघायला त्या रात्री सव्वा वाजता तुम्हीच तो भरलात. आम्हाला वाटलं काहीतरी खोटं भराल. तुम्ही खरं नाव, खरा गट, शेवटचं रक्तदान कधी केलं ती तारीख, सगळं भरलंत. दुसऱ्या दिवशी लायसन्स भरून छोटं प्लगिन पुन्हा चालू केल्यावर तुम्ही ती नोंद बघून म्हणालात, “अहो, हे चुकतंय. मला ९० दिवसांनी पुन्हा रक्तदानाला पात्र दाखवतंय. ९० पुरुषांना. बायकांना १२० दिवस.” तो हिशेब आम्हीच भरलेला होता, २०१८ पासून, सगळ्यांना ९०. किती ताई-वहिनींना आम्ही महिनाभर आधीच फोन केले असतील. रक्तपेढीवाल्यांनी तारीख विचारून परत पाठवलं असेल तेवढंच नशीब. पहिलं ते दुरुस्त केलं.

मी विचारलं, “चाचणीची नोंद आता काढून टाकू ना?” तुम्ही जरा थांबलात. मागे पंख्याचा आवाज येत होता. म्हणालात, “राहू द्या. मी विट्यापासून लांब आहे, पण आमच्या इथेही लागतंच की कुणाला.”

ती नोंद क्रमांक ११४१. परवा रविवारी बॅकअप उघडून तपासताना तीच काढून बघितली. नाव नीट आहे, गाव नीट आहे, एकही प्रश्नचिन्ह नाही. पुढची तारीखही १२० दिवसांनी बरोबर पडलीय.

आपला,
विट्याचा तुमचा भाऊ