पाहुणा गप्प झाला की थांब

प्रिय राजा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी सोडून स्टँड-अप आणि पॉडकास्ट हेच पूर्णवेळ करायचं ठरवलंस, असं परवा फोनवर सांगितलंस तेव्हा मी फार काही बोलले नाही. आईला पटलेलं दिसत नाही, असं तुला वाटलं असणार. तसं नाही. फोनवर घाईत काहीतरी बोलून जाण्यापेक्षा तू पाठवलेलं सगळं आधी नीट ऐकायचं होतं. आता तुझ्या सेटची, म्हणजे स्टेजवर सलग केलेल्या विनोदांची, रेकॉर्डिंग्ज ऐकून झाली, पॉडकास्टचा पहिला एपिसोडही पुन्हा पुन्हा ऐकला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ही दोन कामं लांबून एकसारखी दिसतात, पण त्यांना लागणाऱ्या सवयी एकमेकींच्या उलट आहेत. स्टेजची सवय तुला लागली आहे. माइकसमोर बसून ऐकायची अजून लागायची आहे, आणि त्याची मला जास्त काळजी वाटते.

आधी स्टेजचं बोलू. योगाच्या क्लासवरचा तुझा विनोद मी वेगवेगळ्या ओपन माइकच्या, म्हणजे कुणीही येऊन करून बघायच्या कार्यक्रमांच्या, रेकॉर्डिंगमध्ये लागोपाठ ऐकला. सुरुवातीला तू म्हणायचास, ‘तीन महिन्यांत फक्त माझं वेळापत्रक लवचिक झालं.’ लोक थोडेसे हसायचे. नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये तेच असं झालंय: ‘तीन महिन्यांत माझी एकच गोष्ट लवचिक झाली. वेळापत्रक.’ आणि अख्खा हॉल हसला. मजकूर तोच, एकही नवी कल्पना नाही. पण आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे ज्या शब्दावर हसू यायचं तो शब्द मध्येच अडकतो आणि मागून ‘झालं’, ‘केलं’, ‘होतं’ येत राहतं. लोक हसायला तोंड उघडतात तेव्हा तू अजून बोलत असतोस, मग ते हसू आवरतात, कारण पुढचं चुकायला नको. तू तो शब्द शेवटी नेलास आणि त्याच्यानंतर गप्प उभा राहिलास. हे तुला कुठल्या पुस्तकातून मिळालेलं नाही. समोर बसलेल्या अनोळखी माणसांनी रात्री-रात्री शिकवलंय. ते ऐकल्यावर मला खात्री पटली की तू हे नुसत्या हौसेने करत नाहीस. हात बसत चाललाय तुझा.

म्हणून क्लिपच्या नादात स्टेज कमी करू नकोस. लिहिलेला विनोद एकदा ऑनलाइन गेला की संपला, पुढच्या शोला लोकांना तो पाठ असतो, म्हणून सगळे प्रेक्षकांशी मारलेल्या गप्पांच्याच क्लिप टाकतात, हे तूच मला समजावून सांगितलंस. हिशेब बरोबर आहे. पण पहिल्या रांगेतल्या माणसाला ‘तुम्ही काय करता?’ विचारून मिळालेलं हसू हे अर्धं त्याचं असतं. एक तासाचा स्वतःचा शो उभा करायचा तर लिहावंच लागेल, आणि लिहिलेलं टाकूनही द्यावं लागेल. जॉर्ज कार्लिन या अमेरिकन कॉमेडियनने १९७७ ते २००८ या काळात एचबीओ या टीव्ही वाहिनीसाठी १४ स्पेशल, म्हणजे रेकॉर्ड केलेले स्वतःचे पूर्ण शो, केले. गाजलेलं जुनं साहित्य आयुष्यभर पुरवून खाणं त्याला सहज जमलं असतं. तो मात्र रेकॉर्ड झालेलं बाजूला ठेवून पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करायचा. तुझ्या घोटून बसवलेल्या ‘टाइट’ पाच मिनिटांचं आज तुला अप्रूप आहे, असायलाच हवं. पण पाचाची पंधरा आणि पंधराची साठ होताना त्यातलं बरंचसं गळून जाईल, आणि ते गळताना वाईट वाटेल.

सेट पडतो त्या रात्रींबद्दल मी काही सांगत नाही. त्या तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

पैशांचं मात्र स्पष्ट बोलते. ‘स्टेज मिळतंय ना, अजून काय पाहिजे’ असं म्हणणारे आयोजक तुला भेटलेत आणि पुढेही भेटतील. लॉस एंजेलिसमधला कॉमेडी स्टोअर हा क्लब १९७२ मध्ये सुरू झाला. तिथे दारावर तिकीट विकलं जायचं, दारू विकली जायची, आणि ज्यांना ऐकायला लोक यायचे त्या कॉमेडियनना काही मिळायचं नाही. ही तर शिकायची जागा आहे, असं उत्तर असायचं. १९७९ मध्ये त्या कॉमेडियननी संप केला. तेव्हा पुष्कळसा पुढे गेलेला कॉमेडियन डेव्हिड लेटरमनसुद्धा क्लबबाहेर फलक घेऊन उभा राहिला. सुमारे सहा आठवड्यांनी तडजोड झाली आणि एका सेटला २५ डॉलर मिळू लागले. रक्कम लहानच होती, पण काम केलं की मोबदला मिळतो हे मान्य झालं. तू ओपन माइक फुकट कर, ती तालीम आहे. ज्या शोला तिकीट आहे आणि पोस्टरवर तुझं नाव आहे, तिथे मानधन आधी विचार. विचारताना संकोच करू नकोस आणि आवाजही चढवू नकोस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

मार्क मॅरन या अमेरिकन कॉमेडियनचं नाव तुला माहीत आहे. मला तुझ्यामुळे कळलं, आणि मग मी त्याच्याबद्दल बरंच वाचलं. तरुणपणी तो त्याच कॉमेडी स्टोअरमध्ये दारावर उभा राहायचा. पुढे स्टेजवर आला, टीव्हीवर दिसला, कोनन ओब्रायनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात पुन्हा पुन्हा गेला. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमासाठी १९९५ मध्ये भेट झाली, पण त्याला घेतलं नाही. व्यसनं लागली होती, १९९९ पासून त्याने ती सोडली. विनोद चांगले करायचा, पण सोबतचे पुढे गेल्याची जळजळ आत होती आणि ती त्याने स्वतःच नंतर उघडपणे सांगितली आहे. रेडिओची नोकरीही गेली. सप्टेंबर २००९ मध्ये पॉडकास्ट सुरू केला तेव्हा तो ४५ वर्षांचा होता, आणि पहिले एपिसोड जिथून काढून टाकलं होतं त्याच रेडिओच्या स्टुडिओत, रात्री सगळे गेल्यावर केलेले होते. मग घराच्या गॅरेजमध्ये टेबल, दोन माइक आणि पुस्तकांची कपाटं.

पॉडकास्ट तेव्हा अगदी नवा होता असंही नाही. तो शब्द वर्तमानपत्रात २००४ मध्ये आला आणि २००५ मध्ये आयट्यून्सवर पॉडकास्ट मिळू लागले. नवं होतं ते एवढंच की स्टेजवर तावातावाने बोलणारा हा माणूस गॅरेजमध्ये ऐकायला लागला. सुरुवातीच्या पाहुण्यांपैकी बरेच त्याच्याच व्यवसायातले, काहींशी जुनी भांडणं. त्यांच्यासमोर बसून ‘आपलं नेमकं काय बिनसलं होतं?’ हे तो विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. एप्रिल २०१० मध्ये तो अभिनेता आणि कॉमेडियन रॉबिन विल्यम्सच्या घरी गेला. सगळ्या जगाला माहीत असलेला विल्यम्स म्हणजे क्षणात दहा आवाज काढणारा. त्या एपिसोडमध्ये तो दारूबद्दल, पुन्हा दारूकडे वळल्याबद्दल, हृदयाच्या शस्त्रक्रियेबद्दल, मनाच्या अंधारलेल्या दिवसांबद्दल हळू आवाजात बोलतो. मध्ये विनोदही येतात, पण मॅरन त्यांच्या मागे धावत नाही. हसतो आणि गप्प राहतो, मग विल्यम्स आपणहून परत मूळ मुद्द्यावर येतो. २०१४ मध्ये विल्यम्स गेल्यावर लोकांनी तो एपिसोड पुन्हा शोधून ऐकला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तो घेतला. २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदावर असताना ओबामा त्या गॅरेजमध्ये येऊन बसले. दर सोमवारी आणि गुरुवारी एपिसोड यायचा, निर्माता ब्रेंडन मॅक्डोनल्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी स्वतः ठरवून थांबवला तेव्हा १,६०० हून जास्त एपिसोड झाले होते.

हे सगळं तुला यशाची गोष्ट म्हणून सांगत नाही. ऐकायला लागल्यावर त्याची स्टँड-अपसुद्धा बदलली, ती अधिक मोकळी आणि खरी झाली, असं मला त्याचं काम बघताना वाटलं, म्हणून सांगते.

आता तुझा पहिला एपिसोड घे. नाटकाची प्रकाशयोजना करणारे ते पाहुणे किती छान बोलतात! एका ठिकाणी ते म्हणतात, ‘डोळ्यांचं निदान झालं त्या संध्याकाळी माझा प्रयोग होता.’ आणि थांबतात. त्यांनी श्वास घेतलेला माइकमध्ये स्पष्ट ऐकू येतो, खुर्ची जराशी करकरते. तेवढ्यात तू म्हणतोस, ‘म्हणजे त्या दिवशी खरंच ब्लॅकआउट!’ ते हसतात, तू हसतोस, आणि पुढचा प्रश्न येतो. विनोद चांगला होता. स्टेजवर असतास तर टाळ्या पडल्या असत्या. पण त्या संध्याकाळी बूथमध्ये बसल्यावर त्यांना काय दिसलं आणि काय दिसलं नाही, दिवे बदलायचा कुठला क्यू हाताने, नुसत्या सवयीने दिला, ते एपिसोडमध्ये आलंच नाही. ते सांगायच्या अगदी तोंडावर होते.

तुझं असं का झालं ते मी समजू शकते. स्टेजवर शांतता म्हणजे सेट पडला. तिथे ती दिसली की भरायची, हे तू इतकं घोटवलंयस की ते आता आपोआप होतं. पॉडकास्टमध्ये पाहुणा थांबला की बहुतेकदा तो शब्द शोधत असतो, किंवा सांगावं की नको हे ठरवत असतो. तेव्हा तू नुसता त्यांच्याकडे बघत राहा. फारच लांबलं तर ‘मग?’ एवढंच म्हण. प्रश्नांचा कागद समोर ठेवू नकोस. पाहुण्याचं काम आधी भरपूर बघ आणि कागद बॅगेत ठेव, कारण कागद दिसला की तुझं लक्ष पुढच्या प्रश्नावर जातं. एडिट करताना सगळे श्वास आणि ‘अं’ कापून टाकू नकोस. त्यात माणूस असतो. आणि रेकॉर्डिंगनंतर ‘हे एवढं नको ठेवू’ असं पाहुणा म्हणाला तर वाद न घालता काढ, भले तोच भाग सगळ्यात चांगला असो.

कागदपत्रांचं एकच सांगते, पण ते डोक्यात पक्कं ठेव. कुठल्या कंपनीशी करार करशील तेव्हा आरएसएस फीड (ज्या दुव्यावरून एपिसोड सगळ्या ॲपवर पोचतात तो), पॉडकास्टचं नाव आणि जुने एपिसोड कोणाच्या मालकीचे, हे आधी वाच. ॲपवरचे फॉलोअर ॲपचे असतात, उद्या त्यांनी नियम बदलले की तुझा आवाज लोकांपर्यंत पोचणं बंद होऊ शकतं. फीड तुझ्या हातात असेल तर होस्टिंग, म्हणजे एपिसोड ठेवायची जागा, बदललं तरी ऐकणारे बरोबर येतात. करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. त्याचा खर्च मी देईन, त्यावर चर्चा नको.

राहिला बाबांचा विषय.

केसपेपरवरचं स्पेलिंग दुरुस्त करायला ते नर्सकडे पेन मागायचे, हा तुकडा तू सेटमध्ये घेतलास. मी तो ऐकून हसले आणि मग बराच वेळ रडले, आणि मला दोन्ही बरं वाटलं. ते होतेच तसे. मॅरनची जोडीदार, दिग्दर्शिका लिन शेल्टन, मे २०२० मध्ये अचानक गेली. काही दिवसांतच तो माइकसमोर बसला, रडत बोलला, आणि तिची जुनी मुलाखत पुन्हा लावली. पण त्या दुःखावरचा पूर्ण शो, ‘फ्रॉम ब्लीक टू डार्क’, २०२३ मध्ये आला. मधला काळ तो स्टेजवर थोडं थोडं करून बघत होता. तूही घाई करू नकोस. आजारपणातलं जे तुला अजून बोलताना गळ्याशी येतं ते प्रेक्षकांसमोर नेऊ नकोस, वहीत लिहून ठेव. हसू कुठे आहे ते तुझं तुलाच एक दिवस दिसेल, आणि त्या दिवशी कर. माझ्याबद्दल तुला जे बोलायचं असेल ते बोल, मला विचारायचीही गरज नाही.

ताईचं तसं नाही. ती त्या शोला मागे बसली होती आणि हा तुकडा सुरू झाल्यावर बाहेर निघून गेली, हे तुला माहीत नसेल. तिने मला कुणाला सांगू नको असं म्हटलेलं नाही, म्हणून सांगते. हॉस्पिटलमध्ये रात्री तीच असायची. ती आठवण जेवढी तुझी तेवढीच, कदाचित जास्त, तिची आहे. तिला फोन कर, तुकडा पूर्ण वाचून दाखव आणि मग विचार. तुझी बाजू मांडायची घाई करू नकोस, ती बोलायची थांबली तर थांबू दे. नको म्हणाली तर काढ. पाच मिनिटं पुन्हा लिहिता येतील तुला.

तिच्याशी बोलणं झालं की मला कळव. आणि ते प्रकाशयोजनेवाले पाहुणे पुन्हा यायला तयार असतील तर त्यांना जरूर बोलाव. त्या प्रयोगाचं पुढे काय झालं ते मला ऐकायचं आहे.

तुझी,
आई