चवथीची सुट्टी

शिकागो, 3 सप्टेंबर 2025

ती. बाबांस व आईस सा. न. वि. वि.

काल गौरी-गणपती पोचवून आलात असाल. व्हिडिओत गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटवी छान दिसली, सुपारीचा घड तर केवढा! (बाबा, इतकी वर्षं गोव्यात, डिचोलीत काढल्यामुळे तुम्ही अजून तिला माटोळीच म्हणता.)

आईचा रुसवा पोचला. 'सोमवारी तुला सुट्टी होती, तरी फोन नाही.' सुट्टी होती, पण मला नव्हती. सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे इथला लेबर डे, 1894 पासून देशाची अधिकृत सुट्टी. पण सुट्टीवर निघालेल्या कामगारांना जेवायला घालणारे कामगार लागतातच, त्यामुळे आमच्या हॉटेलचं किचन दुप्पट चालू. खाजगी मालकाने त्या दिवसाचा पगार द्यायलाच हवा असा इथे केंद्राचा कायदा नाही. आमच्याकडे कामावर आलात तर दीडपट, घरी बसलात तर शून्य. मी दीडपट घेतले.

बाबा, कांदे चिरता चिरता तुमच्या खाणीवरच्या ट्रिपांच्या चिठ्ठ्या आठवल्या. डिचोलीच्या खोलीत रात्री खिशातून काढून तुम्ही त्या मला मोजायला द्यायचात. एका ट्रिपेची एक, कडांना लाल धूळ. मोजून होईतो माझी बोटं लाल. आठ निघाल्या तर तुम्ही नुसतं 'हूं' करायचात. अकरा निघाल्या की दुसऱ्या दिवशी पाववाल्या पोदेराकडून जास्तीचे उंडे. खनिजाचा टिपर नदीकाठच्या जेटीवर रिकामा झाला तर पैसे, रांगेत उभा राहिला तर काही नाही.

एक मेला काका गावाहून, भेडशीहून फोन करून चिडवायचे, 'आज आमचा महाराष्ट्र दिन, तुमचा गोयंकारांचा नुसता कामगार दिन!' आणि घरातला कामगार पहाटे चारलाच टिपर घेऊन गेलेला. मे संपला की पाऊस, पावसात खाण बंद, म्हणून तेवढ्यात मारता येतील तेवढ्या ट्रिपा. एकदा मी मयेच्या तळ्यावर जायचा हट्ट धरला, तर म्हणालात, 'सुट्टी पावसात.'

तुमची सुट्टी म्हणजे चवथ. टिपरवर ताडपत्री बांधायची, कदंबाच्या बसने दोडामार्ग गाठायचं, तिथून भेडशी. तोवर कानामागची लाली धुऊन गेलेली असायची. आई म्हणायची, 'आता कुठं मूळ रंग दिसला.'

2012 ची चवथ 19 सप्टेंबरला होती. त्याच्या आठवडाभर आधी गोवा सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सुप्रीम कोर्टाची बंदी आली. गणपती पोचवून आपण डिचोलीला परतलो, पण सुट्टी काही संपेना. टिपरच्या हौद्यात गवत उगवलं. हप्ते मात्र चालूच. तरी तुम्ही रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसायचात. मी नववीत होतो. 'बाबा दिवसभर घरी, मजा आहे,' असं मित्राला म्हणालो ते आईने ऐकलं. ती काही बोलली नाही, तांदूळ निवडत राहिली. आई, तू विसरली असशील, मी नाही.

सोमवारी ड्यूटी संपवून इथल्या हेमार्केट चौकात जाऊन आलो. आपला एक मे इथलाच. 1886 च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला, 4 तारखेच्या सभेत बॉम्ब फुटला, पुढच्या वर्षी चौघांना फाशी दिली. आणि याच गावात एक मेला सुट्टी नाही, हे मला अजून पचलेलं नाही. स्मारक म्हणजे एक मालगाडा आणि त्यावर माणसं, कारण त्या सभेतले वक्ते तशाच गाड्यावर उभे होते. मी चाकापाशी बराच वेळ थांबलो. त्यांना कामाचे तास कमी हवे होते, तुम्हाला एक ट्रिप जास्त. कोणाचं चुकलं हे मला ठरवता येईना. खरं सांगायचं तर संप-बिंप बाजूलाच राहिला, हौद्यातलं गवत डोळ्यापुढून हलेना.

दीडपटीचे पैसे वेगळे पाठवतोय. ते गणपतीच्या खर्चात घालू नका, आईचा चष्मा करा.

आणि बाबा, त्या चिठ्ठ्यांचा रबर लावलेला गठ्ठा पत्र्याच्या पेटीत असायचा. पेटी भेडशीला आणली होती ना? सापडला तर एका चिठ्ठीचा फोटो पाठवा. आई, पुसू नकोस तिला.

तुमचा
बाबू