पहाटेचा ललत

अमळनेर,
१९ जानेवारी

प्रिय अविनाश,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. मनाजोगतं सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून उत्तर राहिलं. परवा रविवारी आमच्या माडीवर पहाटे साडेपाचला गाणं झालं. पंधरा-वीस माणसं, माइक नाही.

दिवाळीनंतरच्या मैफलीचं तुला फोनवर सांगितलं होतं. सत्कार आणि भाषणांतच नऊ वाजून गेले. त्या गायिका बाईंनी बागेश्री रागाचा बडा ख्याल जेमतेम मांडला आणि विंगेतून आवरायची खूण झाली. मला रात्रभर झोप आली नाही. रात्री दहाला माइक बंद हा नियम योग्यच आहे रे, आजारी माणसं, परीक्षेची पोरं झोपायलाच हवीत. पण २००० सालच्या त्या नियमांनंतर उघड्या मंडपातून मालकंस, दरबारी, ललत हे रात्रीचे-पहाटेचे राग हळूहळू गेलेच. आपण कॉलेजात असताना पुण्याला 'सवाई गंधर्व' महोत्सवात गोधड्या घेऊन रात्र काढायचो आणि शेवटच्या पहाटे भीमसेनजींसाठी डोळे ताणून बसायचो, आठवतं? माझ्या मुलानं ललत ऐकलाय तो मोबाइलवर, तोही जेवण झाल्यावर दुपारी.

म्हणून त्याच बाईंना विचारलं, पहाटे याल का? त्या लगेच हो म्हणाल्या. "पहाटेचे राग घरीच गाते हो, ऐकायला कोणी नसतं," असं म्हणाल्या, ते मला फार लागलं.

पाचला तंबोरे काढले. थंडीनं तारा चढल्या होत्या. एरवी पहिली तार पंचमाची, म्हणजे 'प'ची, पण ललतात पंचमच नाही, तेव्हा ती मध्यमाला, 'म'ला उतरवली. मधल्या दोन तारांची जोड लागली, शेवटचा खर्ज लागला, तरी आवाज बोथट. मग बाईंनी घोडीवरच्या तारेखालचा सुती दोरा नखानं केसभर पुढे सरकवला. अविनाश, त्या क्षणी तार अशी उघडली की कंदिलाची काच पुसल्यासारखं वाटलं. पुढची दहा मिनिटं कोणी बोललं नाही. गाणं अजून सुरू व्हायचं होतं.

मग संथ लयीतला विलंबित एकताल. खोलीत अंधार होता. शुद्ध मध्यमावरून तीव्र मध्यमावर जाऊन त्या परत फिरायच्या, जवळजवळचे दोन स्वर, त्यांच्यात रात्र संपतेय की दिवस सुरू होतोय ते ठरत नव्हतं. बंदिशीचे शब्द फारसे कळले नाहीत, खरं सांगतो. पण दर वेळी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येताना माझा श्वास अडायचा. पूर्वेची खिडकी पांढरी होत गेली, बोरी नदीकडून कोणाच्या तरी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, तोही लयीत मिसळला. सात वाजून गेल्यावर त्यांनी तोडी राग घेतला. तोडीचा कोमल गंधार इतका खाली ठेवला की घसरेल असं वाटावं, आणि तो तिथेच उभा. सकाळचं ऊन सतरंजीवर आलं तेव्हाच तो का लागतो ते मला या वयात कळलं. पुस्तकात रागांचे प्रहर वाचले होते, पहाट-संध्याकाळच्या संधिप्रकाश रागांतला कोमल रिषभ पाठ होता, पण ते सगळं कागदावरचं.

आमच्याकडे शेतातून दूध घालायला येणारी आजी दाराशीच बसून राहिली होती. उठताना मला म्हणाली, "भाऊ, जीव भरी उना रे." मला पुढे बोलवेना.

नंतर कळण्याची भाकरी आणि भरीत खाताना बालगंधर्वांचा विषय निघाला. जळगावात मेहबूब खाँकडे गाण्याचे पहिले धडे घेतले तेव्हा ते अगदी लहान होते. ध्वनिक्षेपक नव्हता, गळा जिथवर पोचेल तिथवर मैफल. आमच्या खान्देशातच ते होतं, आणि आपण मंडपाच्या मापानं गाणं मोजत बसलो.

माघात पुन्हा बसायचं ठरलंय, या वेळी भटियार या पहाटेच्या रागापासून. बाईंनी तारीख दिली की कळवतो. वहिनींनाही घेऊन ये. रात्रीच्या गाडीनं आलास तर स्टेशनवर मी असेन. जाड शाल आण, माडीवर वारा बोचतो.

तुझा,
सुधाकर