मैदानातले सराटे वेचायला लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

तुम्ही शाल-श्रीफळ घेतलं नाहीत. मार्चमध्ये छोटासा कार्यक्रम ठरवला, तर त्या दिवशी शाळेकडे फिरकलाच नाहीत आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला मैदानात हजर! "माझं नाव फळ्यावर लिहायचं नाही, बाई," असंही बजावलंत. म्हणून नाव न घेता हे पत्र लिहिते आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेसाठी तुम्ही काय केलंत, ते इतर प्राथमिक शिक्षकांनाही कळावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास होता, पण तो मी गणिताला देत असे. चाचणी जवळ आली की हमखास. एरवी मुलांच्या हाती चेंडू द्यायचा आणि पायरीवर बसून वह्या तपासायच्या. आमच्याकडे पहिली ते चौथीला वेगळे क्रीडाशिक्षक नसतात, सगळं वर्गशिक्षकानंच घ्यायचं. डी.एड.ला मी कवायत शिकले होते, दक्ष-विश्राम शिकले होते. पण सहा वर्षांचं आणि नऊ वर्षांचं मूल एकाच मैदानात एकाच वेळी कसं खेळवायचं, हे मला कुणी करून दाखवलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तुम्ही लेकीकडे राहायला आलात. नातीला पहिलीच्या वर्गात सोडून मैदानाकडे बघत उभे राहिलात. हायस्कूलला आयुष्यभर पी.टी. शिकवलेला माणूस, आता शिट्टी मागणार असं मला वाटलं. तुम्ही मागितली खडे भरायची पाटी. तेवीसच्या तेवीस मुलांना एका ओळीत उभं केलंत आणि मैदानातले काटेरी सराटे आणि खडे वेचायला लावलेत. माणातली मुलं सराट्यांना सरावलेली असतात, काटा उपटून टाकतात आणि पळत सुटतात. तुम्ही मात्र एकेकाचा तळपाय बघितलात, ज्यांना जखम होती त्यांना साबणानं पाय धुवायला लावलेत. स्वच्छतेचा पाठ मी वर्गात दहा वेळा वाचून घेतला असेल. त्या दिवशी तो पहिल्यांदा मुलांच्या पायापर्यंत पोहोचला.

मग तुम्ही मला एक काम दिलंत, ते मी कधी विसरणार नाही. "बाई, एकच मूल धरा. ते प्रत्यक्ष किती वेळ हलतं ते घड्याळावर मोजा." मी रिलेचा तास लावला होता. दोन रांगा, प्रत्येकानं कडुनिंबाला शिवून परत यायचं. मी तिसरीतल्या एका मुलीवर नजर ठेवली. पस्तीस मिनिटांच्या तासात ती तीन मिनिटंसुद्धा पळाली नाही. उरलेला सगळा वेळ रांगेत उभी. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते, हे तुम्ही त्यानंतर सांगितलंत. आधी सांगितलं असतंत, तर मी मान डोलावून विसरले असते.

संगीत खुर्चीत, लंगडीत जो कच्चा तो आधी बाद होतो आणि सगळ्यांत जास्त वेळ बसून राहतो. म्हणजे ज्याला पळायची सर्वांत जास्त गरज, त्यालाच आपण बसवतो. इतकी साधी गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. तुम्ही नियम बदललात. बाद झालेल्यानं कडुनिंबाला वळसा घालायचा आणि परत खेळात यायचं. खेळ संपला की मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजायचे आणि त्याला चारानं गुणायचं. तिसरी-चौथीच्या पोरांचा चारचा पाढा मैदानावर पक्का झाला, सर. मी गणितासाठी जो तास घेत होते, तो तुम्ही मला असा परत दिलात.

खो-खोत तर आठ जण बसून असतात, मग त्याचं काय, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. २७ मीटरचं मैदान निम्मं करून शेजारी शेजारी दोन आखलीत. रेघांसाठी फक्की नको म्हणालात, चुना असला तर लहान मुलांच्या डोळ्यांत जातो. चुलीतली राख चाळून रेघा मारल्या. एकेका मैदानात चार बसलेले, एक पाठलाग करणारा आणि सहा पळणारे. दोन मैदानांत बावीस झाले. तेविसाव्याच्या हाती घड्याळ. पहिला आठवडाभर तर सगळा खेळ चालत! पळायचं नाही, फक्त चालायचं. पाठीला हात लागतो आणि 'खो' ऐकू येतो तो एकाच क्षणी, हे पहिलीतल्या पोरांना त्या चालण्यातच समजलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. कर्णधार प्रियंका इंगळेच्या आपल्या महिला संघाला माझ्या मोबाइलवर बघताना मुलं म्हणत होती, "बाई, त्यापण आपल्यासारख्याच चवड्यावर बसल्यात." त्याच आठवड्यात १५ तारखेला, खाशाबा जाधवांच्या जन्मदिवशी, तुम्ही त्यांच्या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या कुस्तीच्या कांस्यपदकाची गोष्ट सांगितलीत. तुम्ही कऱ्हाडकडचे, खाशाबांचं गोळेश्वर तिथलंच, त्यामुळे त्या गोष्टीला वेगळीच धार होती. मग आपल्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावल्या, हे मी सांगितलं. मोही म्हटल्यावर मागची पोरं उठून पुढे आली.

पण या पत्राचं खरं कारण ती तिसरीतली मुलगी आहे. दोन फेऱ्या झाल्या की ती गुडघ्यावर हात टेकून थांबायची. मी तिला आळशी समजत होते, एकदा तसं बोललेही. तुम्ही तिला उजेडात आणलंत, खालची पापणी हलकेच खाली ओढलीत आणि मला आत बघायला सांगितलंत. लाली नव्हतीच. "ही आळशी नाही, बाई. हिला रक्त कमी आहे." सरकारी दवाखान्यात तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२ निघालं. तुम्ही स्वतः तिच्या आईकडे गेलात आणि समजावलंत, की लोहाच्या औषधावर लगेच चहा द्यायचा नाही, मटकीवर लिंबू पिळायचं, शौचाला काळं झालं तर घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला तिनं गोळी माझ्यासमोर चावून खाल्ली. शाळेत दर आठवड्याला येणाऱ्या गुलाबी लोहाच्या गोळ्या मी पूर्वी नुसत्या वाटून मोकळी व्हायचे. आता जेवणानंतर समोर बसवून देते आणि रजिस्टरवर मगच खूण करते.

बरी होईपर्यंत घड्याळ तिच्याकडे होतं. आता ती चौथीत आहे, पाठलाग करते आणि तिची हुलकावणी भल्याभल्यांना कळत नाही. घड्याळ तुमच्या नातीकडे गेलं आहे.

एक विचारायचं आहे. यंदा पहिलीत एक मुलगा आला आहे, त्याच्या उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्टी, आहे. चवड्यावर बसता येत नाही, म्हणून मी त्याला खांबाजवळच्या चौकोनात उभाच ठेवते. खो मिळाला की तो चालत निघतो आणि त्याच्यापुढचे पळणारेही चालतात, हा नियम मुलांनीच केला. पण वळताना त्याचा तोल जातो. दिवाळीला लेकीकडे याल तेव्हा त्याला एकदा बघा, सर. तोवर खांबाभोवतीचे खडे आम्ही रोज वेचतो आहोत.

आपली,
शाळेतल्या बाई