हार्बर बार आणि आपली एम्प्रेस मिल

नागपूर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर लेकीने मला ताजच्या बारमध्ये नेल्याचं सांगितलं, तर तू लगेच म्हणालास, "काऊन बे, तू कवापासून?" त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे. चहा घेऊन वाच.

बार कोणता ते आधी सांगतो. मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये तळमजल्यावर, समुद्राच्या अंगाला हार्बर बार आहे. 1933 साली सुरू झाला आणि मुंबईतला दारूचा पहिला परवाना त्याच्या नावावर आहे. दाराशी सामानाची तपासणी होते, मग गालिचे, मग तो बार, आणि बाहेर पाहिलं की समोर गेटवे. आपण गेटवेला फार जुना समजतो. पण हॉटेल उघडलं 16 डिसेंबर 1903 ला आणि गेटवे पुरा झाला 1924 मध्ये. म्हणजे पहिली वीस वर्षं या इमारतीपुढे नुसता बंदराचा धक्का आणि पाणी होतं. बोटीतून येणाऱ्याला मुंबईचं पहिलं दर्शन व्हायचं ते या घुमटाचं.

खुर्चीत टेकलो आणि मला पहिली आठवण कशाची आली असेल? आपल्या नागपूरच्या जुम्मा तलावाची. तू हसशील, पण ऐक.

जमशेटजी टाटांनी 1874 मध्ये कंपनी काढली आणि गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडलं. कापूस इथल्या शेतात, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे दाराशी. जागा घेतली ती तलावाकाठची, दलदलीची. तुझे बाबा सांगायचे ती गोष्ट आठवते ना? इथल्या सावकाराने कर्ज नाकारलं, म्हणाला हा माणूस खड्डे भरायला जमिनीत सोनं ओततो आहे. आणि पुढे त्याच सावकाराने कबूल केलं की टाटांनी सोनं घातलंच नाही, माती घातली आणि सोनं काढलं. ही गोष्ट टाटांच्या चरित्रांतही सापडते. बाबा मात्र ती अशी सांगायचे की सावकार त्यांच्याच गल्लीत राहत असावा.

1 जानेवारी 1877 ला गिरणी चालू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, त्यावरून एम्प्रेस हे नाव. मॅनेजर म्हणून टाटांनी बेझनजी मेहतांना आणलं. ते रेल्वेच्या मालखात्यातले, कापडाशी काही संबंध नसलेले, आणि त्यांनीच गिरणी उभी करून दाखवली. मजुरांसाठी पेन्शन फंड 1886 मध्ये आणि अपघाताची भरपाई 1895 मध्ये सुरू झाली. देशात असा कायदा यायला अजून किती वर्षं होती! माझे आजोबा साच्यावर, म्हणजे मागावर होते, तुझे रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत. आपल्या दोन्ही घरांतली पहिली शाळेची फी त्या पगारातून गेली आहे.

आता हे बघ. ताज हॉटेल टाटांनी कुठल्या कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या पैशाने बांधलं. आणि तो पैसा ज्या धंद्यांनी दिला त्यांत पहिलं मोठं यश आपल्या एम्प्रेसचं होतं. मी कोणी इतिहासकार नाही, कुठला रुपया कुठे गेला ते मला दाखवता येणार नाही. पण जुम्मा तलावाच्या काठी कातलेल्या सुताचा अंश त्या दगडात आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणून मी तिथे पाहुण्यासारखा अंग चोरून बसलो नाही. पाठ टेकून बसलो. लेकीने ते पाहिलं आणि म्हणाली, बाबा, तुम्ही घरी बसल्यासारखे बसलात. मला फार बरं वाटलं.

इमारतीबद्दल आणखी एक. हिचा आराखडा सुरुवातीला केला तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य म्हणजे आपले मराठी इंजिनिअर. बोरीबंदरच्या स्टेशनाचं काम चाललं होतं तेव्हा त्याचे वास्तुविशारद स्टीव्हन्ससाहेब यांच्या हाताखाली देखरेखीला तेच होते. वैद्य मध्येच वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने पुरं केलं. टॅक्सीवाले सांगतात ना, की हॉटेल उलटं बांधलं गेलं आणि ते पाहून साहेबाने वरून उडी मारली, ती भाकडकथा. मूळ प्रवेश शहराच्या बाजूनेच ठेवलेला होता, एवढंच त्यात खरं. आतला तो अधांतरी वाटणारा जिना सोराबजी रतनजी या ठेकेदाराने चढवला. वैद्यांचं नाव किती मराठी माणसांना ठाऊक आहे? मला तरी शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. दर पर्यटकाला साहेबाच्या उडीची गोष्ट ऐकवतात आणि वैद्यांची कोणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आता पेयाकडे येतो, कारण तुझा प्रश्न तोच होता.

या बारचं खास पेय त्याच्याच नावाचं आहे, 'फ्रॉम द हार्बर सिन्स 1933'. अमेरिकेत 1920 पासून दारूबंदी होती, ती 5 डिसेंबर 1933 ला उठली. त्या सुमारास बंदरात आलेल्या एका अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने बारमध्ये येऊन म्हटलं, आज काहीतरी वेगळं करा, आणि तेव्हा हे जन्मलं, असं तिथे सांगतात. जिन, लिंबाचा रस, पीचचा स्वाद आणि शार्त्रूज नावाची हिरवी फ्रेंच दारू. ही शार्त्रूज फ्रान्समधले मठवासी साधू 130 वनस्पतींपासून करतात आणि कृती त्यांच्यातल्या मोजक्यांनाच माहीत असते. ती 55 टक्के तीव्रतेची, म्हणून पेट घेते.

आणि पेयं बनवणाऱ्या पोराने ती आमच्यासमोर पेटवली. दिवे मंद होते, ज्योत निळी, इतकी फिकट की आधी नुसती हवा थरथरल्यासारखी दिसली. मग त्याने भांडं तिरपं केलं आणि आगीची एक बारीक धार वरून खाली पेल्यात उतरली. थेंबभरही बाहेर नाही. हात अजिबात हलत नव्हता. बडीशेप, ओवा, ओला पालापाचोळा यांच्या मधला कुठलासा वास टेबलावर आला. मी त्याच्या हाताकडेच पाहत राहिलो, कारण तुटलेला धागा चालत्या साच्यावर जोडताना आजोबांचा हात असाच स्थिर असायचा म्हणे.

त्याला मराठी येत होतं, मग मी प्रश्न विचारत सुटलो. तो न कंटाळता सांगत होता. लिंबाचा रस असेल तर सगळं बर्फाबरोबर डब्यात घालून जोरात हलवायचं. त्याने हवा शिरते, पेय धूसर आणि हलकं होतं. नुसत्या दारूंचंच मिश्रण असेल तर लांब चमच्याने ढवळायचं, म्हणजे ते नितळ राहतं. आणि बर्फ गारव्यापुरता नसतो. त्याचं जे पाणी वितळतं ते कृतीतलंच एक जिन्नस, कमी झालं तर घसा जळतो, जास्त झालं तर सगळं पाणचट. म्हणून ते बर्फाच्या तुकड्याचा आकारसुद्धा बघतात. स्वयंपाकघरात फोडणीचा क्षण ओळखणाऱ्या बाईइतकंच लक्ष लागतं याला, आणि हे मी त्याला बोलूनही दाखवलं.

मी एकच पेला घेतला, पाऊण तास पुरवला. दर चढा आहे, लेकीने बिल मला दाखवलं नाही.

बंड्या, दारू या गोष्टीचं आपल्या घरांत काय झालं ते तुला मी सांगायला नको. पगाराच्या दिवशी माझी आजी मिलच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची, आजोबा बाहेर पडले की पैसे पदरात बांधून घ्यायची, कारण फाटकापासून घरापर्यंत हातभट्टीचे अड्डे होते. मी म्हणूनच इतकी वर्षं लांब राहिलो आणि तू अजूनही राहतोस, त्याबद्दल मला तुझा आदरच आहे. तुझा वर्धा जिल्हा तर दारूबंदीचाच. मी तिथे बसून आजीचा विचार केला आणि तरीही मला अपराधी वाटलं नाही. थकलेला माणूस शुद्ध हरपायला पितो ते वेगळं, आणि लेकीसमोर बसून एक पेला चवीने, बोलत बोलत संपवणं वेगळं. आजीचं भांडण पहिल्याशी होतं. दुसरं तिला कधी बघायलाच मिळालं नाही.

लॉबीत एक स्मारक आहे, तिथेही थांबलो. 26 नोव्हेंबर 2008 ला जे गेले त्यांतली 31 नावं. घुमट जळताना आपण तुझ्याकडे टीव्हीपुढे बसलो होतो. त्या रात्री हॉटेलच्या नोकरांनी पाहुण्यांना आधी बाहेर काढलं आणि त्यातले कितीतरी जण स्वतः वाचले नाहीत. जुना भाग दुरुस्त करून 15 ऑगस्ट 2010 ला पुन्हा उघडला. दोन वर्षंही लागली नाहीत.

हे वाचताना माझ्या पोटात तुटलं ते आपल्या गिरणीसाठी. तिला कोणी बॉम्ब लावला नव्हता. 1986 मध्ये ती सरकारकडे गेली, 2002 मध्ये बंद झाली, आता तिथे मॉल आहे. मी मॉलविरुद्ध नाही, नातवंडं तिथे आनंदाने जातात. पण सव्वाशे वर्षं हे गाव ज्या भोंग्यावर उठलं-बसलं, त्या भोंग्याची ओळख करून देणारी एखादी खोली तरी तिथे असायला हवी होती. दोन साचे, बिल्ले, मजुरांचे फोटो, बेझनजींबद्दल चार ओळी. मुंबईत टाटांची इमारत एवढ्या निगुतीने राखली जाते आणि जिथून त्यांचं बस्तान बसलं त्या गावात मला हात लावायला एक वीट मिळत नाही. याचं मला दुःख आहे आणि ते मी लपवणार नाही.

म्हणून दोन कामं तुझ्याकडे.

पहिलं, तुझ्या बाबांच्या लोखंडी पेटीत मिलचा पितळी बिल्ला आणि हजेरीचं कार्ड होतं. ते शोध. माझ्याकडे आजोबांचं पेन्शनचं पुस्तक आहे. लेक म्हणते, सगळ्यांचं स्कॅन करून ठेवू, गणेशपेठेतल्या आणखी घरांतूनही मागवू. पुरेसं जमलं तर महानगरपालिकेकडे रीतसर अर्ज करू. तू अक्षर चांगलं काढतोस, अर्ज तूच लिही.

दुसरं, हिवाळ्यात माझ्याबरोबर मुंबईला चल. दुरांतोने रात्री निघू, सकाळी पोचू. तुला दारू घ्यायची नाही, नको घेऊस. तिथे बिनदारूचीही पेयं देतात आणि त्यांतही तेवढीच मेहनत असते. सूट लागत नाही, इस्त्रीचा शर्ट आणि बूट पुरे, चप्पल मात्र नको. ऊन उतरायच्या आधी पोचायचं, म्हणजे बोटी परतताना दिसतात. आत शिरताना खांदे पाडायचे नाहीत, एवढी एकच अट.

तिकिटं 60 दिवस आधी उघडतात. वहिनींना विचारून तारीख कळव, त्याही आल्या तर उत्तमच. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते सविस्तर लिही.

तुझाच,
मन्या