संधिवातावरच्या चिनी वेलीचे पाकीट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, या ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याच्या) आजारावर 'थंडर गॉड वाइन' ही चिनी वेल गुणकारी आहे ही गोष्ट खोटी नाही आणि म्हणूनच हे पत्र लिहिणे भाग पडले. ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी या शास्त्रीय नावाच्या या वेलीच्या मुळाच्या अर्काची चीनमध्ये रीतसर चाचणी झाली आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका चाचणीत २०७ रुग्णांना २४ आठवडे मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे नेहमीचे औषध, वेलीचा अर्क किंवा दोन्ही देण्यात आले. आजार निम्म्याने आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण मेथोट्रेक्सेटच्या गटात सुमारे ४६ टक्के, अर्काच्या गटात ५५ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत ७७ टक्के होते.

मात्र वेलीतल्या ज्या ट्रिप्टोलाइड या घटकामुळे बेफाम झालेली प्रतिकारशक्ती आवरते, तेच यकृत, मूत्रपिंडे व अस्थिमज्जा यांना इजा करते आणि गुण येण्याची मात्रा व विषबाधेची मात्रा यांत अंतर फार थोडे असते. पाने, फुले आणि मुळाची साल तर इतकी जहाल असते की औषधासाठी साल काढून आतला गाभाच वापरतात. दीर्घकाळच्या सेवनाने स्त्रियांची पाळी बंद होऊ शकते, काहींची कायमची. पुरुषांत शुक्रजंतू घटतात. आमवात स्त्रियांनाच अधिक होतो, हे येथे विसरता येत नाही.

आमच्या पेठेतील एका तरुण रुग्ण भगिनींनी मला ऑनलाइन मागवलेल्या भुकटीचे पाकीट दाखवले. त्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक' हे शब्द ठळक होते. गाभा की साल, ट्रिप्टोलाइड किती, याचा पत्ता नव्हता. मात्रा काय, तर 'अर्धा चमचा कोमट पाण्यातून'. चाचणीतील रुग्णांना प्रमाणित अर्क २० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, मिळत होता. याच भगिनींनी मेथोट्रेक्सेट मात्र 'कॅन्सरचे औषध' म्हणून धास्तीने सोडले होते. तेही निरुपद्रवी नाहीच. पण आठवड्यातून एकदाच घ्यायचे, जोडीला फॉलिक ॲसिड आणि ठरावीक काळाने रक्ताची व यकृताची तपासणी, एवढा बंदोबस्त त्याच्याभोवती असतो.

आपल्याकडे बिब्बा, बचनाग, कुचला ही द्रव्ये औषध नियमांच्या 'ई(१)' या विषारी द्रव्यांच्या परिशिष्टात आहेत आणि ती पोटात घ्यायच्या आयुर्वेदिक औषधात असल्यास वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर छापावी लागते. शिवाय बिब्बा उततो हे आपल्या घरोघरी ठाऊक असते. ही वेल आयुर्वेदातली नसल्याने परिशिष्टात तिचे नाव नाही आणि आजीच्या अनुभवातही नाही.

तेव्हा अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयाने अशा ऑनलाइन भुकट्यांचे नमुने तपासावेत, ही विनंती. संधिवाततज्ज्ञांनीही गोळ्यांबरोबर चूर्ण-काढ्यांची चौकशी न रागावता करावी, कारण रागावले की रुग्ण लपवतो. ज्यांनी ही भुकटी आधीच सुरू केली आहे, त्यांनी ती थांबवून, पाकीट सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जावे आणि यकृत, मूत्रपिंड व रक्तपेशींची तपासणी करून घ्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
सदाशिव पेठ, पुणे