मागच्या अंगणातलं झाड तमालपत्राचं नाही

बर्मिंगहॅम, २८ सप्टेंबर

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही मजेत आहोत, तब्येती उत्तम. रविवारी व्हिडिओ कॉलवर मागच्या अंगणातलं झाड बघून आई म्हणाली, "दारात तमालपत्र असताना विकत कशाला आणतेस?" तेव्हा घाईत काहीतरी उत्तर दिलं गेलं, म्हणून आता नीट लिहिते. आई, ते तमालपत्र नाही. त्याचं एकही पान भातात गेलेलं नाही आणि जाणारही नाही. ते चेरी लॉरेल आहे, विषारी आहे. हा शब्द वाचून बाबा लगेच फोन लावतील, म्हणून आधीच सांगते. मनूच्या हाताला लागतील असे सगळे घोस कापून टाकलेत, आणि ती अंगणात एकटी जात नाही. इथे तब्येतीच्या सल्ल्यासाठी १११ हा फोन नंबर असतो, तो फ्रिजवर लावून ठेवला आहे. तशी वेळ आलीच तर पान आणि फळ दोन्ही हाताशी ठेवून फोन करायचा, म्हणजे झाड कोणतं ते त्यांना नेमकं सांगता येतं.

घोटाळा मुळात नावात आहे. इथे चार-पाच वेगवेगळ्या सदाहरित झाडांना सरसकट लॉरेल म्हणतात. स्वयंपाकात वापरतात तो बे, म्हणजे खरा लॉरेल, आपल्या तमालपत्राच्या कुळातला. चेरी लॉरेल मात्र गुलाबाच्या कुळातलं, जर्दाळू आणि आलुबुखारचं भावंड. मूळचं ते काळ्या समुद्राकाठचं, १५७६ साली पश्चिम युरोपात आलं आणि आता इथे घराघरांच्या कुंपणाला आहे. झाडावर पाटी कुठेच नसते, त्यामुळे पान-फळ बघूनच ठरवावं लागतं.

आई, डब्यातलं तमालपत्राचं एक पान काढून उजेडात धर. देठाजवळून तीन शिरा निघून जवळजवळ समांतर टोकाकडे गेलेल्या दिसतील. बेच्या पानात मधली शीर एकच असते आणि उपशिरा तिच्यातून बाजूला फुटतात. चेरी लॉरेलचंही तसंच. म्हणजे शिरांवरून आपलं तमालपत्र वेगळं काढता येतं, पण बे आणि चेरी लॉरेल यांतलं कोणतं ते कळत नाही. त्यासाठी कड बघायची. फांदीच्या मधलं जून पान घ्यायचं, शेंड्याचं कोवळं नको, कारण त्याचा आकार फसवतो. कडेवरून नख फिरवायचं. बेची कड लाटेसारखी हलकी वळलेली असते, पण तिला दात नसतात. चेरी लॉरेलला लांब लांब अंतरावर बारीक दात असतात, नखाला लगेच लागतात. लांबीतही फरक आहे. बेचं पान साधारण ६ ते १२ सेंमी, तर चेरी लॉरेलचं बहुधा मोठं, १५ सेंमीपर्यंत सहज आणि कधी त्याहूनही लांब. पण लांबीवर विसंबू नये. चेरी लॉरेलची ओटो लुयकेन नावाची बुटकी, अरुंद पानांची जात असते, ती लांबून हुबेहूब बे वाटते.

मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते ती पानाच्या पाठीवर. देठाला लागून, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपक्यांसारख्या ग्रंथी असतात, दोन किंवा जास्त. त्यातून गोड रस येतो आणि मुंग्या जमतात. बेला त्या नसतात.

मग वास. पान फाडून चुरडलं की चेरी लॉरेलला कडू बदामाचा वास येतो. तोच तर विषाचा वास, पेशी फुटल्या की सायनाइड सुटतं. बेचा वास निलगिरीकडे झुकणारा, तमालपत्राचा दालचिनी-लवंगेकडे. थंडीत किंवा जुनाट पानाला वास कमी येतो, नाक चोंदलेलं असलं तर येतच नाही, म्हणून वासावर एकट्यावर निकाल द्यायचा नाही. आणि चव तर कधीच घ्यायची नाही. हुंगून झालं की हात धुवायचे.

फळ असेल तर काम सोपं. आमच्या झाडावर आता काळी फळं आहेत, आधी लाल होती, एकाच दांड्यावर घोसाने, आत एक टणक कोय. बेची फळंही काळीच, पण ती पानाच्या बगलेत एक-दोन लटकतात, आणि मादी झाडालाच लागतात. होली नावाचं आणखी एक सदाहरित झाड असतं, त्याचं फळ लाल असतं आणि कापलं तर आत बहुधा चार बिया. देठ लालसर आणि पान जरा लहान असेल तर ते पोर्तुगीज लॉरेल. चर्चच्या आवारात लाल वाटीसारखी फळं आणि सुयांसारखी चपटी पानं दिसतात, ते यू नावाचं झाड. त्याची फक्त ती वाटी बिनविषारी, आतलं बी आणि पानं घातक.

बाबा, तुम्ही विचारलंत की झाड तोडून का टाकत नाही. ते घरमालकाचं आहे, आणि इथे सदाहरित झाडांचं प्रकरण वेगळंच असतं, ते जरा सविस्तर सांगते. इथे कुंपणाच्या उंचीचा कायदा आहे, २००३ चा, तो २००५ पासून लागू झाला. दोन किंवा अधिक सदाहरित झाडं ओळीत असली आणि दोन मीटरच्या वर जाऊन शेजाऱ्याचा उजेड अडवू लागली, तर शेजारी फी भरून कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, तक्रार करू शकतो. त्याआधी शेजाऱ्यांनी आपसात बोलून बघितलेलं असावं लागतं. हिवाळ्यात पानं गाळणाऱ्या झाडाला हा कायदा लागू नाही, आणि एकट्या झाडालाही नाही. आमचं एकटंच आहे, म्हणून कायद्याने ते कुंपणच नव्हे, आणि या कायद्याखाली त्याच्याविरुद्ध तक्रारही होत नाही. साधारण मार्च ते ऑगस्टमध्ये छाटणी टाळतात, कारण पाखरांची घरटी असतात आणि वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे. म्हणून छाटायचं ते आत्ता. छाटलेल्या फांद्या गाडीतून न्यायच्या तर काचा उघड्या ठेवायच्या, बंद गाडीत त्या वासाने डोकं चढतं. हे सगळं नीट पाळते आहे, तुम्ही उगाच जीव टांगणीला लावू नका.

आता महत्त्वाचं. परवा साठ हजार पाठवले आहेत, हॉलची उरलेली रक्कम त्यातून द्या, बाबांच्या एफडीला हात लावू नका. दादाच्या लग्नाला मी आणि मनू येतो आहोत, पण सुट्टी नऊच दिवसांची मिळते आहे, म्हणजे हळदीच्या आदल्या रात्री पोहोचू. यांना रजा नाही. आई, साड्यांची खरेदी, रुखवत, सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर पडणार हे मला कळतं. काकूंना नि माईंना मदतीला बोलव, लाजू नकोस. मी आल्यावर जेवढं जमेल तेवढं करेनच. वहिनींच्या बांगड्यांचं माप तेवढं आठवणीने कळव, इथून काही आणायचं असेल तर तेही.

तमालपत्र इथल्या भारतीय दुकानात मिळतं. तरी जाताना घराच्या डब्यातलं मूठभर बांधून दे.

तिकीट काढलं की कळवते.

तुमची,
सुमी